अंथरूण, पाय आणि चाकावरचे घर

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. याच अंकाच्या कन्नड विभागातील आमचे मित्र तीच गोष्ट ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ अशी सांगतात. मादन हिप्परग्यासारख्या सीमेवरच्या गावात, जिथे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही चालतात, तिथे एकच शहाणपण दोन भाषांतून कानावर पडते. तरीही ते आपल्या अंगी किती मुरले आहे, हा प्रश्न मला अलीकडे एका वेगळ्याच विषयावरून पडला. तो विषय म्हणजे चाकावरचे घर.

झोपायला बाके, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, न्हाणीघर व संडास असे सारे एकाच मोटारीत बसवून कुटुंबासह हिंडण्याची कल्पना पाश्चात्य देशांत जुनी आहे. आपल्याकडे ती आता रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. केरळानेही त्याच वर्षी तशी योजना पुढे आणली. बेंगळूरहून अशा गाड्या भाड्याने मिळतात. ज्यांच्या हाती चार पैसे आहेत अशी हौशी माणसे स्वतःच्या गाड्याही बांधून घेऊ लागली आहेत. आणि एकदा छोटे घर झाले की माणसाला मोठे घर हवेसे वाटते, हा नियम जमिनीवरच्या घराला जितका लागू आहे तितकाच चाकावरच्या घरालाही लागू आहे.

सोलापूरला राहणारे माझे दाजी हे याचे उत्तम उदाहरण. प्रवासी व्हॅनच्या चासीवर त्यांनी एक आटोपशीर घर बांधून घेतले आणि त्यातून तुळजापूर, गाणगापूर, बदामी, हंपी अशा यात्रा सहकुटुंब केल्या. आता त्यांच्या मनात आले आहे की ही गाडी विकावी, ट्रकच्या भक्कम चासीवर मोठे घर बांधावे. ताईचे म्हणणे, आहे तेच पुरे. दाजींचे म्हणणे, पाय आखडून किती दिवस झोपायचे? मी विज्ञानशाखेचा विद्यार्थी, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. त्या निमित्ताने मी जो हिशेब केला, त्यातून निघालेले माझे मत येथे मांडतो. वाचकांनी ते पटले तर घ्यावे, न पटल्यास पुढच्या अंकात खोडून काढावे.

पहिली गोष्ट ही, की मोठ्या घराची गरज लांबी-रुंदीवरून ठरवली जाते; खरे तर ती वजनावरून ठरवायला हवी. प्रत्येक मोटारीला भरल्या स्थितीत कमाल किती वजन असावे याची मर्यादा कारखानदार ठरवून देतो आणि तीच नोंदणीच्या कागदावर येते. आमच्याकडचे ड्रायव्हर तिला ‘पासिंग’ म्हणतात. समजा, एका लहान गाडीचे पासिंग ४,००० किलो आहे. केबिनसह मोकळी चासी २,००० किलोची. त्यावर बांधलेली बॉडी, बाके, कपाटे, ओटा मिळून १,३०० किलो. (आठ फूट बाय चार फूट मापाचा अठरा मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा एक तक्ता सुमारे ३५ किलो भरतो, हे सुतारकाम सांगताना कोणाच्या लक्षात राहत नाही.) उरले ७०० किलो. सहा माणसे सरासरी ६० किलोची धरली तर ३६०. पाणी २०० लिटर म्हणजे २०० किलो. दोन मोठ्या बॅटऱ्या १०० किलो. गॅसच्या भरलेल्या दोन टाक्या ६० किलो. बेरीज ७२० झाली! अजून एक चादर, एक तवा, आजीचा पानाचा डबासुद्धा गाडीत चढलेला नाही आणि गाडी २० किलोंनी जड झाली. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती गाडी रिकामीच दिसते.

तेव्हा जड चासीची मागणी ही केवळ हौस आहे असे म्हणून उडवून लावता येत नाही. ज्या गाडीचे वजन मर्यादेला टेकले आहे तिचे टायर तापून फुटतात, ब्रेक कमी पडतात, पाटे बसतात. अशा गाडीत लेकरेबाळे घालून घाट उतरण्यापेक्षा मोठी चासी घेणे केव्हाही शहाणपणाचे. इथपर्यंत दाजींचा मुद्दा बरोबर आहे, आणि तसे मी ताईला स्पष्ट सांगितले.

परंतु इथून पुढे मोह सुरू होतो. समजा, ७,५०० किलो पासिंगची ट्रकची चासी घेतली. मोकळी चासी २,८०० किलो, मोठी बॉडी २,४०० किलो. म्हणजे २,३०० किलोची मोकळीक मिळाली. माणूस ही मोकळीक जपून ठेवील काय? मुळीच नाही. पाण्याची टाकी ५०० लिटरची होते. वातानुकूलन यंत्र येते, ते चालवायला आणखी बॅटऱ्या, त्या भरायला जनित्र, जनित्राला डिझेल. कपडे धुण्याचे यंत्र येते. टपावर सौर पत्रे येतात. वापरलेले पाणी रस्त्यावर सोडायचे नाही म्हणून सांडपाण्याची टाकी येते. म्हणजे वरच्या टाकीतले पाणी संपले तरी खालच्या टाकीत तेवढेच वजन बसलेले असते. दोन वर्षांत ही मोठी गाडीही आपल्या मर्यादेला टेकते आणि मालक आणखी मोठ्या चासीची चौकशी करू लागतो. अंथरूण वाढले की पायही वाढतात, हे म्हणीत सांगितलेले नाही. ते अनुभवाने कळते.

दुसरी गोष्ट वजन कोठे ठेवले याची. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षात तरफेचा नियम आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. एका गाडीच्या पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर चार मीटर आहे. मागच्या आसापासून दोन मीटर मागे, शेपटाकडे, ३०० किलोची पाण्याची टाकी बसवली. मागच्या आसावर किती भार वाढेल? अनेक जण ३०० म्हणतील. उत्तर ४५० किलो असे आहे, आणि पुढच्या आसावरचा भार १५० किलोंनी कमी होतो! पुढची चाके हलकी झाली की सुकाणू हलके होते, आणि पावसात वळणावर गाडी ऐकेनाशी होते. आपल्या मोटार नियमांनी मागे लोंबणारा भाग दोन आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असू नये असे बंधन घातले आहे, ते उगाच नव्हे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, घराचा नकाशा काढण्याआधी चासी निवडावी. आणि घर बांधून झाल्यावर, पाणी भरून, माणसे बसवून, गाडी वजनकाट्यावर न्यावी व पुढचा आस, मागचा आस असे वेगवेगळे वजन करून घ्यावे. वजनकाटा आडत बाजारात असतो, साखर कारखान्यावर असतो. शेतकऱ्याची तूर आणि ऊस आपण काट्यावर घालतो. पोरांनी भरलेले घर तेवढे अंदाजाने चालवतो.

तिसरी गोष्ट वेगाची. गाडी थांबवताना ब्रेकला तिची गतिज ऊर्जा गिळावी लागते. ती वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४,००० किलोंवरून ७,५०० किलोंवर गेले की त्याच वेगाला ती जवळजवळ दुप्पट होते. शिवाय ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग धरला तर आणखी पावणेदोन पटीहून अधिक. ट्रकचे ब्रेक त्यासाठी मोठे असतात हे खरे. पण व्हॅन चालवण्याची सवय झालेला पाय त्यासाठी तयार असतो काय?

कायद्याचाही एक उंबरठा येथे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ७,५०० किलोपर्यंतची गाडी ‘हलके मोटार वाहन’ ठरते. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहनही चालवता येते असा निर्णय देताना हीच रेषा कायम धरली. त्यापलीकडे गेलात की साधा परवाना पुरत नाही. युरोपात ही रेषा बराच काळ ३,५०० किलोंवर होती आणि तिच्यामुळे तिथल्या फिरत्या घरांचा आकारच ठरला. म्हणजे कायद्याची एक रेघ माणसाच्या पलंगाची लांबी ठरवते! तसेच, जुन्याच गाडीची चासी कापून लांब करून घेण्याचा स्वस्त मार्ग कोणी सुचवील. त्याला कलम ५२ आडवे येते. कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालीही ठणकावून सांगितले आहे. या कलमाविषयी बॉडी बांधणारे नाक मुरडतात. पण सांधलेली चासी वाटेत दुभंगली तर नाक मुरडायला कोणी उरत नाही.

आणि रस्ते? सोलापूरहून अक्कलकोट, वागदरीमार्गे आळंदला येणारा मोठा रस्ता सोडून आमच्या गावरस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना काळी जमीन. पावसाळ्यात कडेला चाक उतरले तर बैलगाडीही रुतते, तिथे साडेसात टनांची काय कथा! जुन्या मोऱ्या, अरुंद वेशी, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा या सर्वांना मोठ्या गाडीची रुंदी-उंची मानवत नाही. मोठे घर घेऊन मोठ्या रस्त्यावरच राहावे लागणार असेल, तर ज्या आडवाटा पाहण्यासाठी ते घेतले त्या आडवाटाच हुकतात. सारांश, दाजींना मी असे सांगितले: चासी एक पायरी वरची घ्या, पण घर अर्धीच पायरी वाढवा. मधली मोकळीक रिकामी ठेवा. ती रिकामी जागा म्हणजे वाया गेलेले पैसे नव्हेत. ती ब्रेकची, टायरची आणि लेकरांच्या जिवाची राखीव ठेव आहे.

येथे हा लेख संपवता आला असता. पण हिशेब करता करता माझ्या मनात दुसराच हिशेब सुरू झाला, आणि विद्यार्थी मित्रहो, खरे तर त्यासाठीच मी लेखणी उचलली आहे.

चाकावरचे घर आपल्या भागाला नवे आहे काय? ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतात ते काही उगाच नाही. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरत. १८७१ साली सोलापूर-गुलबर्गामार्गे रेल्वे रायचूरला पोहोचली, तशीच ती इतरत्रही पोहोचत गेली, आणि त्यांचा व्यापार बसला. आज आळंद तालुक्यात जे तांडे आहेत त्यांच्या नावात तेवढी ती चाल उरली आहे. गाढवाच्या पाठीवर संसार बांधून फिरणाऱ्या कैकाडी समाजाचे जिणे लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’त १९८० साली मांडले आणि पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली, तेव्हापासून माणसे आणि जनावरे यांचे एक गावच मुक्कामामागून मुक्काम हलवत राहिले. नारायणगावच्या राहुट्यांतून जत्रांच्या सुपाऱ्या घेणारे तंबूचे फड ट्रकांवरून आणि बसमधून गावोगाव जातात. जत्रेतल्या फिरत्या सिनेमाचे तंबू आणि यंत्रे जुनाट ट्रकांवर कशी तगून राहिली, ते ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाने २०१६ साली कान महोत्सवात जगाला दाखवले. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावतीला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. पण रात्रीचा खेळ संपवून दुसऱ्या गावी निघालेल्या फडातल्या बायकांनी ट्रकमध्ये पाठ कुठे टेकायची, याचे धोरण मात्र कोणी आखल्याचे ऐकिवात नाही.

आणि या सर्वांहून संख्येने मोठा असा एक वर्ग आहे, जो दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या डोळ्यांदेखत घर ट्रकवर चढवतो. तो म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या. बीडच्या टोळ्यांविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ येते. पण आपल्या कलबुर्गी, बीदर, विजयपूर जिल्ह्यांतील गावांतून आणि तांड्यांतूनही माणसे कोयता घेऊन निघतात, हे आपल्याला कोणी वर्तमानपत्रातून सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकचा किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका उघडतो. पीठमिठाची गाठोडी, भांडी, पाण्याची घागर, सरपण, एखादी शेळी, पिंजऱ्यात कोंबड्या, गोधडीत गुंडाळलेले तान्हे मूल, आणि कोपी उभारायला बांबू व ताडपत्री. फाळका लागतो आणि घर निघते. हे चाकावरचे घर नव्हे तर काय?

माझ्याबरोबर सातवीपर्यंत तांड्यावरची एक मुलगी शिकत होती. गणितात ती माझ्या पुढे असे. दर वर्षी सहामाही परीक्षा झाली की तिची जागा रिकामी होई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परत येई. हाताला चिरा पडलेल्या असत. मास्तर तिला दोन महिन्यांत सहा महिन्यांचा अभ्यास करायला लावत आणि ती तो करीही. आठवीला ती परतलीच नाही. तरफेच्या नियमाचे गणित मी वर सोडवून दाखवले. तिने ते माझ्याआधी सोडवले असते याविषयी मला शंका नाही.

आता वजनाचा हिशेब येथे लावून पाहा. बैलगाडी गेली, टायरगाडी आली. टायरगाडीच्या जोडीला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, ट्रक आला. २०१८ साली केंद्र सरकारने आसांवरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या मागच्या आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टन, आणि दोन आसांच्या साध्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. मालवाहतूकदारांना याचा लाभ झाला, आणि डिझेलही वाचले असेल. पण एका खेपेत हे जे २.३ टन अधिक बसू लागले, ते ट्रकवर चढवले कोणी? उसाची मोळी ३० किलोची धरली तर कायद्याच्या एका फटकाऱ्याने दर ट्रकमागे डोक्यावरून शिडी चढण्याच्या ७६-७७ खेपा वाढल्या. चासीची ताकद तपासायला अभियंते होते. त्या चासीवर मोळ्या चढवणाऱ्या बाईच्या मणक्याची ताकद कोणी तपासली? रस्त्याचे तर विचारूच नका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून असे ठरले की आसाचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज जवळजवळ सोळा पट होते, म्हणजे चौथ्या घाताच्या प्रमाणात. त्या हिशेबाने १०.२ चे ११.५ झाले की एका आसामागे झीज साठ टक्क्यांच्या आसपास वाढते. आमच्या गावरस्त्यांची दशा सुगीनंतर जी होते तिचे गणित हे असे आहे.

कोणी म्हणेल, पर्यटकाची गाडी आणि टोळीचा ट्रक यांची तुलना कशाला? एक हौस, दुसरे पोट. पण मला नेमके हेच म्हणायचे आहे. हौसेच्या घरासाठी आपल्या देशात ए.आय.एस. १२४ या नावाची रीतसर मानके आहेत; मोटार कॅरॅव्हॅन कशी असावी, तिची तपासणी कशी करावी, हे त्यांत बांधून दिलेले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, आणि ते योग्यच झाले. उन्हाळ्यात ट्रकच्या केबिनमध्ये बसून पाहावे म्हणजे कळेल. म्हणजे पर्यटकासाठी नियम आहे, ड्रायव्हरसाठी नियम आहे. मागच्या हौद्यात संसार घेऊन बसलेल्यांसाठी मात्र एवढाच नियम आहे की मालमोटारीत माणसे बसवू नयेत. आणि तो मोडला जातो हे रस्त्यावरच्या सर्वांना ठाऊक आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात अशा मजुरांना योग्य निवारा देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. २०२० च्या संहितेत तो कायदा विलीन करण्यात आला. कायदे विलीन झाले. कोपीचे ताडपत्रीचे छत मात्र फाटके ते फाटकेच राहिले. महाराष्ट्राने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने २०२१ साली वसतिगृहांची योजना आणली, हे स्तुत्य आहे. पण ती त्यांच्या ठराविक तालुक्यांसाठी. आमचा मजूर कर्नाटकाचा, ऊस महाराष्ट्राचा आणि पोर दोन्हीकडच्या हजेरीपटाबाहेरचे, अशी ही सीमेवरची गत!

यावर दोन आक्षेप मला दिसतात. पहिला असा की, स्थलांतर करणाऱ्याला चाकावर बरे घर देणे म्हणजे त्याचे स्थलांतर कायमचे करणे होय; त्यापेक्षा गावातच पाणी आणि काम द्यावे. हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण विहिरीला पाणी लागेपर्यंत तहानेल्याला घोटभर द्यायचेच नाही, असे कोणी म्हणत नाही. गावात काम मिळेल तो दिवस उजाडेपर्यंत जी बाई उसाच्या फडात न्हाणीघराविना सहा महिने काढते, तिला तत्त्व सांगून भागणार नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर कारखान्यांच्या जुन्या रिवाजातच आहे. ऊस ओढण्यासाठी कारखाने टोळ्यांना टायरगाड्या देतातच. जो कारखाना ऊस वाहण्यासाठी चाके देऊ शकतो, तो पाण्याची टाकी, दोन न्हाणीघरे, दोन संडास आणि दिव्यापुरता एक सौर पत्रा बसवलेली एक ट्रॉली दहा-पंधरा कोयत्यांमागे देऊ शकणार नाही काय? त्यासाठी नवी कोरी चासी लागत नाही. मोठ्या भारासाठी निकामी ठरलेली ट्रॉली, तपासणी करून, एवढ्या हलक्या ओझ्याला सहज पुरते. एका जागी दोन-दोन महिने उभे राहायचे आणि मग पंचवीस-तीस किलोमीटर हलायचे, एवढेच तिचे काम.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. एक, टोळीची ने-आण बसने व्हावी आणि सामान ट्रकने. एकाच फाळक्यामागे माणूस आणि भांडे नको. दोन, कॅरॅव्हॅन पर्यटनाला शासन ज्या सवलती देते त्याच सवलती टोळ्यांसाठी फिरती न्हाणीघरे, फिरत्या शाळा बांधणाऱ्या संस्थांना आणि तमाशाच्या फडांनाही मिळाव्यात. तीन, कारखान्याच्या गाळपाच्या परवान्याशी मजुरांच्या राहण्याची सोय जोडली जावी. काटा जसा सीलबंद असावा लागतो तशी ही सोयही तपासलेली असावी. चार, दोन्ही राज्यांनी एवढे तरी करावे की आळंद तालुक्यात शिकणाऱ्या पोराची हजेरी सोलापूर किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळेत मांडता यावी आणि तिकडचे महिने इकडे धरले जावेत. त्या शाळेत कन्नड येणारा एखादा शिक्षक असला तर सोन्याहून पिवळे.

पाचवी गोष्ट शासनाची नव्हे, आपली आहे. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी कोठे ना कोठे भरते. रस्ता झाडणे आणि झाडे लावणे यांत सात दिवस जातात. या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दोन दिवस काढून आपण आसपासच्या वाड्या-तांड्यांवर जावे आणि एक यादी करावी: कोणत्या घरची किती माणसे निघाली, कोणत्या कारखान्याकडे, बरोबर किती मुले, कितवीतली, परत कधी येणार. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी मराठी घरांत आणि कन्नड विभागाच्या विद्यार्थ्यांनी कन्नड घरांत विचारावे. लमाणी बोलणारे मित्र आपल्यात आहेतच. ती यादी मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना नेऊन द्यावी, आणि एक प्रत आपल्या प्राचार्यांकडे ठेवावी. पुढच्या उन्हाळ्यात तीच यादी हाती घेऊन पुन्हा त्याच दारी जावे आणि किती परत आले ते मोजावे. प्राध्यापक महोदयांनी यासाठी परवानगी आणि मार्गदर्शन द्यावे, अशी मी या लेखाद्वारे नम्र विनंती करतो.

दाजींचे काय झाले, असे कोणी विचारील. त्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे. ते चासीचे कागद चाळत आहेत आणि ताई कॅलेंडरवर सुट्ट्या मोजत आहे. त्यांचे अंथरूण मोठे आहे, त्यांनी खुशाल पाय पसरावेत. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. परंतु ज्या समाजात काहींच्या फिरत्या घरात कपडे धुण्याचे यंत्र कोठे बसवावे हा प्रश्न आहे, त्याच समाजात त्याच रस्त्यावरून, तसल्याच चासीवर बसून जाणाऱ्यांना अंथरूणच नसेल, तर त्यांना ‘पाय आखडून घ्या’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याच भाषेतल्या म्हणीला नाही.